कंप्युटर मेला तरी डिस्क जिती असते: जुन्या हार्ड डिस्कमधल्या फायली बाहेर काढायची रीत

मागच्या उन्हाळ्यात लातूरहून मामांचा फोन आला. "भाच्या, दुकानातला जुना सीपीयू चालूच होईना. दुरुस्तीवाला म्हणतो, भंगारात द्या. पंधरा वर्षांच्या पत्रिका आहेत रे त्यात!" मामांचं लग्नपत्रिका अन् हँडबिलं करून द्यायचं दुकान आहे. थोरल्याच्या लग्नाची पत्रिका पाच वर्षांनी धाकट्याच्या लग्नाला पुन्हा निघते, नावं आणि मुहूर्त तेवढे बदलायचे. म्हणजे त्या पत्र्याच्या डब्यात मामांचं अर्धं भांडवल होतं. मी अंबाजोगाईहून गेलो, दोन दिवस बसलो आणि चार-दोन फायली सोडल्या तर सगळं निघालं. कसं निघालं ते सांगतो. आधी दुसऱ्यांच्या डिस्कांवर ज्या चुका केल्या त्याही सांगतो, कारण जास्त उपयोग त्यांचाच होईल.

लोक 'कंप्युटर गेला' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा गेलेला असतो तो एसएमपीएस (आत वीज पुरवणारा डबा), नाहीतर मदरबोर्ड (मुख्य सर्किट). आपल्याकडं लाइट दिवसातून चारदा जाते आणि येताना धक्का देऊन येते, तो धक्का आधी याच दोघांना बसतो. हार्ड डिस्क हा आत स्क्रूनं बसवलेला वेगळाच सीलबंद डबा असतो. ती बाहेर काढून दुसऱ्या कंप्युटरला जोडता येते.

खोलण्याआधी पाच मिनिटं

डिस्क काढण्याआधी साधे उपाय करून बघा. वायर दुसऱ्या सॉकेटला लावा. सीपीयूच्या मागं एसएमपीएसचं छोटं बटण असतं, ते झाडताना कुणी बंद केलंय का बघा. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, असं असेल तर रॅम (मदरबोर्डवरची मेमरीची पट्टी) काढून तिची सोनेरी कड शाळेच्या खोडरबरानं हलकेच घासा, चुरा झटका आणि 'कट्' आवाज येईपर्यंत परत दाबून बसवा. मराठवाड्यातल्या धुळीत निम्मे 'मेलेले' कंप्युटर एवढ्यावर उठतात. उठला तर दुसरं काही करू नका, आधी कॉपी घ्या.

नाही उठला तर वायर काढा, चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल, आणि मग बाजूचं झाकण उघडा. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, टेरिकॉटचा शर्ट अंगात असेल तर बोटातून ठिणगी उडते. ती डिस्कच्या हिरव्या सर्किटला बाधू शकते. म्हणून आधी उघड्या लोखंडी वस्तूला हात लावा आणि डिस्क कडेनं धरा.

काढायच्या आधी वायरी कशा होत्या त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. डिस्क दोन्ही बाजूंच्या स्क्रूंवर बसलेली असते. लॅपटॉपमध्ये ती खालच्या झाकणाआड असते, जुन्या लॅपटॉपना त्यासाठी वेगळं छोटं दारच असायचं.

तुमची डिस्क कोणत्या जातीची

बाजारात जाण्याआधी हे ओळखा, नाहीतर चुकीची वायर घेऊन याल. डेस्कटॉपची डिस्क ३.५ इंची, लॅपटॉपची २.५ इंची. मागच्या बाजूला इंग्रजी एल आकाराच्या दोन चपट्या खाचा असतील तर ती साटा, आणि टोकदार पिनांच्या दोन रांगा असतील तर जुनी आयडीई. साटा २००३च्या सुमारास आली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत आयडीई मागं पडली. २००५च्या आधीचा सीपीयू असेल तर आयडीईची तयारी ठेवा.

घ्यायचं ते यूएसबीचं कन्व्हर्टर. साटासाठीचं कुठल्याही कंप्युटरच्या दुकानात मिळतं. आयडीई असेल तर दोन्ही जातींना चालणारं मागा, ते ऑनलाइन लवकर सापडतं. २.५ इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. ३.५ इंचीला १२ व्होल्टही लागतात, म्हणून तिच्या कन्व्हर्टरसोबत वेगळा अ‍ॅडाप्टर हवाच, १२ व्होल्ट, २ अँपिअरचा. घरात पडलेला दुसरा अ‍ॅडाप्टर पिन बसते म्हणून लावू नका. लॅपटॉपचा अ‍ॅडाप्टर बहुतेकदा १९ व्होल्टचा असतो. तो लावला तर जिती डिस्क तुमच्या हातून जाईल.

आयडीई डिस्कवर एक छोटा प्लास्टिकचा जंपर असतो. तो 'मास्टर'वर ठेवा, नकाशा डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो. आणि पिना वाकल्या तर रडू येतं, म्हणून वायर सरळ दाबा, हलवत-डुलवत नाही.

दुसरी गरज जागेची. डिस्क ५०० जीबीची असेल तर रिकामी जागा त्याहून जास्त हवी, आणि ती दुसऱ्या डिस्कवर. जिथून काढायचं तिथंच साठवायचं नाही. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ तिथंच अडतो.

आता कान लावा

डिस्क लाकडी टेबलावर सपाट ठेवा, खाली कोरडं पुस्तक चालेल, गादी किंवा उशी नको. कन्व्हर्टर डिस्कला लावा, अ‍ॅडाप्टर चालू करा, यूएसबी अजून जोडू नका. डिस्क चालू असताना तिला हलवू नका. आतल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावरून काही नॅनोमीटरच्या अंतरानं तरंगत असतं. धुळीचा कण त्या फटीपुढं धोंड्यासारखा.

हळूच वेग घेत जाणारी घरघर आणि मग शांत गुणगुण ऐकू आली तर मन मोठं करा, काम होणार. दर सेकंदा-दोन सेकंदाला ठराविक 'टक्... टक्... टक्' आलं तर टोक खराब आहे किंवा तबकडीवर ओरखडा आहे. लगेच वीज काढा. परत-परत लावून बघू नका, दर फेऱ्याला ओरखडा वाढतो. बारीक 'पीं-पीं' आली तर मोटार अडकली आहे. काहीच आवाज नसेल, हाताला थरथरही लागत नसेल, तर आधी अ‍ॅडाप्टर आणि कन्व्हर्टर दुसऱ्या चांगल्या डिस्कवर तपासा. बऱ्याचदा दोष तिथंच निघतो.

टकटकणारी डिस्क पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, मग चालते, असं सांगणारे महाभाग अजून भेटतात. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं, मग जे मिळालं असतं तेही जातं. वरचं झाकण उघडून 'बघू तर काय झालंय' हाही त्यातलाच प्रकार. आणि खालचं सर्किट दुसऱ्या तशाच डिस्कचं लावण्याचा जुना जुगाड आता सहसा चालत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी त्या सर्किटवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते, ती चिपही काढून लावावी लागते.

विंडोजनं काहीही विचारलं तरी 'नको' म्हणा

आवाज ठीक असेल तर यूएसबी लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपच घ्या, कारण लाइट गेली तरी त्याची बॅटरी असते. डिस्कचा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर मात्र इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या सॉकेटवर लावा. मे महिन्याच्या दुपारी हे काम करू नका, सकाळी लवकर बसा आणि डिस्कवर टेबल फॅन सोडा. तापमान ५० अंशांच्या वर गेलं तर थांबून थंड होऊ द्या.

ई, एफ अशी नवी अक्षरं दिसली तर नशीब. पण बऱ्याचदा आधी एक खिडकी उघडते. 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं आलं तर रद्द करा. 'या ड्राइव्हमध्ये दोष आहे, तपासून दुरुस्त करू का' असं आलं तर नको. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'इनिशिअलाइझ' विचारलं तरी नको. इथं मी स्वतः माती खाल्ली आहे. चुलत बहिणीच्या डिस्कवर मी भोळेपणानं तपासणी चालवली. विंडोजनं दुरुस्ती केली ती अशी की तिच्या पोराच्या बारशाचे फोटो एका नव्या फोल्डरात नुसत्या आकड्यांच्या नावांनी येऊन पडले. काही अर्धेच उघडले, खाली करडी पट्टी. ती तपासणी फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फायलींची नोंदवही, सरळ करण्यासाठी असते, तुमचे फोटो वाचवण्यासाठी नाही. आजारी डिस्कवर काहीही लिहायचं नाही. आधी कॉपी, दुरुस्ती मग, आणि तीही कॉपीवर.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. त्यात बदललेले (रीअलोकेटेड), वाट बघणारे (पेंडिंग) आणि न सुधारणारे (अनकरेक्टेबल) सेक्टर अशा तीन ओळी शोधा. सेक्टर म्हणजे तबकडीवरचा साठवणीचा छोटा कप्पा. तिन्ही शून्य असतील तर निवांत कॉपी करा. 'वाट बघणारे' वाढत असतील तर डिस्क मरणपंथाला लागली समजा आणि खालचा डीडीरेस्क्यूचा भाग आधी वाचा.

फोल्डर उघडताना 'तुम्हाला परवानगी नाही' असं आलं तर घाबरू नका, तो पासवर्डचा अडथळा नाही. जुन्या विंडोजमधल्या मालकाची ओळख नव्या विंडोजला नाही, एवढंच. 'पुढे चला' दाबा. पण असं दाबल्यावर विंडोज त्या फोल्डराच्या परवानग्या बदलून लिहितं, म्हणून डिस्क नाजूक असेल तर उबंटूचा (विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स) पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून लॅपटॉप चालू करा. उबंटू विंडोजच्या त्या परवानग्यांकडं बघतच नाही, सरळ फायली दाखवतं.

एक कुलूप मात्र खरं असतं, बिटलॉकर. विंडोज १० आणि ११च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते न सांगता चालू झालेलं असतं. मग ४८ अंकांची रिकव्हरी की लागते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला होता त्या खात्यात ती शोधा. ती नसेल तर कुठलाही दुकानदार ते उघडून देऊ शकत नाही, देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

काय आधी उचलायचं

सगळं निवडून एकदम ओढू नका. ज्याच्याशिवाय चालणार नाही ते आधी. विंडोज एक्सपीमध्ये ते 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' फोल्डरात असतं, नंतरच्या विंडोजमध्ये 'यूजर्स'मध्ये. आत तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. आपल्याकडं डेस्कटॉपवरच सगळा संसार मांडायची सवय असते, तो आधी घ्या. मग डी, ई ड्राइव्ह. गाणी आणि सिनेमे सगळ्यात शेवटी, खरं तर नाहीच घेतले तरी चालतं.

टॅली वापरणारे आडते आणि दुकानदार यांच्यासाठी: टॅलीचा हिशेब म्हणजे एक फाइल नाही. 'डेटा' नावाच्या फोल्डरात १०००० सारख्या आकड्याचं फोल्डर असतं, ते एक फोल्डर म्हणजे एक कंपनी. ते अख्खंच्या अख्खं उचलायचं. आतली एखादी फाइल सुटली तरी खातं उघडताना रडगाणं सुरू होतं.

आणि सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं 'फॉन्ट्स' विसरू नका. हे वाक्य ठळक छापायला हवं होतं. का, ते शेवटी सांगतो.

कॉपीसाठी टेराकॉपी हे सॉफ्टवेअर बरं पडतं, खराब फाइल आली तर ती सोडून पुढं जातं आणि कोणती राहिली त्याची यादी देतं. विंडोजची साधी कॉपी एकाच फाइलवर अडून बसते आणि तेवढा वेळ डिस्क नुसती झिजत राहते. यूएसबी २वर सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे ५०० जीबीला साडेचार तासांवर लागतात. घाई करू नका, लॅपटॉप झोपी जाणार नाही एवढं सेटिंगमध्ये बघा.

डिस्क धडधाकट नसेल तेव्हा

मामांची डिस्क अशीच होती, वाट बघणारे सेक्टर १४०च्या पुढं. तिथं मी एकही फोल्डर उघडलं नाही, सरळ डीडीरेस्क्यू चालवलं. हे लिनक्समधलं फुकटचं साधन आहे. फायलींकडं न बघता ते अख्ख्या डिस्कची एका मोठ्या फाइलमध्ये हुबेहूब प्रत काढतं. त्याची अक्कल अशी की आधी जे सहज वाचता येतं ते भराभर उचलायचं, जिथं अडलं तो भाग सोडून पुढं जायचं आणि शेवटी त्या अडलेल्या जागांकडं परत यायचं. माणूस पेपर सोडवतो तसं, आधी येणारे प्रश्न.

त्याला तीन नावं द्यायची असतात, याच क्रमानं: कुठून, कुठं, आणि नकाशाची फाइल. नकाशा दिला नाही तर लाइट गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, दिला तर थांबलं तिथून. पण पहिली दोन नावं उलटी दिली तर तुम्ही रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतता आणि खेळ खलास. म्हणून आधी उबंटूच्या डिस्क्स या प्रोग्रॅममध्ये दोन्ही डिस्कांचा आकार आणि मॉडेल नंबर बघा, कागदावर लिहा आणि मगच एंटर मारा. मी तर शेजारच्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायला लावतो. मामांनी वाचलं, मामींनी पडताळलं.

सहा तासांनी ९९ टक्क्यांवर आलं. उरलेल्या एका टक्क्यासाठी रात्रभर चालू ठेवावं लागलं. सकाळी जुनी डिस्क काढून ठेवली, पुढचं सगळं त्या प्रतीवर.

प्रतीत फायली सरळ दिसल्या तर झालं. पार्टिशनच (डिस्कचा सी, डी असा भाग) गायब असेल तर टेस्टडिस्क ते शोधून देतं. तेही जमलं नाही तर फोटोरेक. नाव फोटोचं असलं तरी ते वर्ड, पीडीएफ, व्हिडिओ सगळं शोधतं. ते फाइलची सुरुवात ओळखून ती उचलतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर हरवतात. वीस हजार फायली आकड्यांच्या नावांनी हातात येतात आणि पुढचा आठवडा चाळण्यात जातो. म्हणून तो शेवटचा उपाय.

चुकून डिलीट झालेल्या फायलींनाही हेच लागू, पण फक्त फिरत्या डिस्कवर. नवीन एसएसडीमध्ये (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कमध्ये) डिलीट केलेली जागा विंडोज स्वतःच पुसायला सांगतं, तिथं आशा फार ठेवू नका.

कधी हात जोडायचे

टकटक, पीं-पीं, पाण्यात भिजलेली डिस्क किंवा वरून पडलेली डिस्क: हे घरचं काम नाही. त्यासाठी धूळमुक्त खोलीची प्रयोगशाळा लागते, आणि पुण्या-मुंबईकडं पाठवावी लागण्याची तयारी ठेवा. गल्लीतल्या दुकानात 'उघडून बघतो' म्हणणाऱ्याला देऊ नका. पाठवण्याआधी विचारा: तपासणीचे पैसे किती, डेटा नाही निघाला तर काय, कोणत्या फायली निघतील त्याची यादी आधी दाखवणार का, आणि डिस्क परत मिळेल का. पावतीवर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या.

फायली निघाल्या, पण वाचता येतात का

मामांनी पहिली पत्रिका उघडली आणि मटकन खुर्चीत बसले. 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंसांचा चिवडा. "हे तर सगळं नासलं रे!" फाइल मात्र ठणठणीत होती.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत, रुळण्याआधी आपली मराठी श्रीलिपी, कृतीदेव, सुरेख अशा फॉन्टांत टाइप व्हायची. अशा फाइलमध्ये मुळात मराठी अक्षर नसतंच. असतो तो इंग्रजी अक्षराचा कोड, आणि फॉन्ट त्याच्यावर 'क'चा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. म्हणून जुन्या डिस्कवरचं 'फॉन्ट्स' फोल्डर सोबत आणायचं. त्यातले ते जुने मराठी फॉन्ट नव्या कंप्युटरवर बसवा, वाचायला आणि छापायला तेवढं पुरतं. नव्यानं टाइप करायचं असेल तर मूळ सॉफ्टवेअर आणि काहींना त्याचं डोंगलही (सॉफ्टवेअरची किल्ली असलेला, सीपीयूला खोचायचा छोटा तुकडा) लागतं. तेव्हा भंगारात देण्याआधी सीपीयूच्या मागं एखादं डोंगल लटकत नाही ना ते बघा.

मामांच्या निम्म्या फायली पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या होत्या. त्याची ७वी आवृत्ती २००१ची, त्यानंतर नवी आलीच नाही. त्याच कंपनीचं नंतरचं इनडिझाइन सीएस६ या आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या फायली उघडतं, त्यापुढचं नाही. ज्याच्याकडं जुनं चालतं सॉफ्टवेअर आहे त्याच्याकडं बसून महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ काढून घ्या. गोष्ट अशी की आमच्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी चारशे वर्षांनंतरही डोळ्यांनी वाचता येते, आणि मामांची २००६ची पत्रिका उघडायला तीन दुकानं फिरावी लागली.

मजकूर युनिकोडमध्ये आणायचा असेल तर कन्व्हर्टर आहेत, पण फॉन्टचं नेमकं नाव निवडा, 'श्रीलिपी'खाली अनेक प्रकार येतात. बदलल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, ती बदलताना शेजारच्या अक्षराला चिकटते. 'चि.'चं काहीतरी भलतंच होतं, आणि पत्रिकेत नवरदेवाचं नाव चुकलं तर शिव्या मामांना.

मामांच्या सगळ्या फायली आता दोन डिस्कांवर आहेत, एक दुकानात, एक घरी कपाटात. जुनी डिस्क आम्ही भंगारात दिली नाही. फॉरमॅट केलेल्या डिस्कमधूनही फोटोरेक किती काढतं ते दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्यावर स्केच पेननं 'चालवू नये' असं लिहून मामींनी ती लोखंडी पेटीत, जमिनीच्या कागदांखाली ठेवली आहे.